पटावरचें वय

गेल्या कार्तिकी पौर्णिमेस आम्ही कपिलधारेच्या यात्रेस गेलों होतों. बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्यानजीक, बालाघाटाच्या डोंगरांत हें स्थान आहे. श्रीमन्मथस्वामींची समाधि येथें असल्यामुळें वीरशैव लिंगायत बांधवांच्या दिंड्या महाराष्ट्रांतून व शेजारच्या कर्नाटक-तेलंगणांतून या दिवशीं येथें येतात. स्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाचीं पारायणें चालतात. काठी टेकीत आलेले वृद्ध आणि प्रथमच दिंडींत चाललेलीं मुलें एकाच पंगतींत जेवतात. आमची शाळा मिशनची. परंतु शेजाऱ्याच्या सणास शेजाऱ्यानें जावें, ही रीत आम्हांस प्रिय आहे.

धबधब्यापासून थोड्या अंतरावर, एका सपाट दगडावर कोळशानें रेघा ओढून, एक आजोबा व त्यांचा दहा-अकरा वर्षांचा नातू वाघबकरी खेळत बसले होते. हा खेळ आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघानें उडी मारून बकरी खावी, आणि बकऱ्यांनीं एकमेकींस धरून राहून वाघाच्या सर्व वाटा बंद कराव्या. येथें खडे वाघ झाले होते व चिंचोके बकऱ्या. नातवाच्या चिंचोक्यांनीं आजोबांचे वाघ जवळजवळ कोंडून टाकले होते. आणखी एक चाल, आणि डाव संपला असता. मुलाला ती चाल दिसली होती, हें त्याच्या बोटावरून कळत होतें. त्यानें क्षणभर आजोबांच्या तोंडाकडे पाहिलें, आणि बोट मागें घेऊन भलताच चिंचोका सरकविला. वाघ सुटला, त्यानें एकामागून एक दोन बकऱ्या खाल्ल्या. आजोबा मात्र हंसले नाहींत. त्यांनीं तळहातानें सर्व चिंचोके गोळा केले आणि शांतपणें म्हटलें, “लेकरा, मला खेळवायचं आसंल तर खेळीव. जिंकवू नगंस.”

हें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें. कारण त्या मुलानें केलें तेंच आम्हींहि एकदां केलें होतें, आणि आम्हांस असें बोलणारें कोणी भेटलें नव्हतें. आम्हांस बुद्धिबळें आमच्या काकांनीं शिकविलीं. आम्ही आठ वर्षांचे असतांना त्यांनीं प्रथम आपला वजीर काढून ठेवून आमच्याशीं डाव मांडला. पुढें वजिराऐवजीं हत्ती काढूं लागले, मग घोडा, आणि आम्ही पंधरा वर्षांचे झालों तेव्हां पट दोन्ही बाजूंनीं पूर्ण भरला. त्यानंतर कित्येक वर्षें तोडीस तोड डाव झाले. काका सत्तरी ओलांडून गेले, आणि त्यांचा वजीर कधीं कधीं उघड्यावर राहूं लागला. आम्हांस त्यांची दया आली. आम्हीं तो वजीर न मारतां सोडून देण्यास आरंभ केला, पुढें चांगले डाव मुद्दाम बिघडवूं लागलों, आणि आपण मोठें पुण्यकर्म करीत आहों अशा समजुतींत राहिलों. एके दिवशीं डाव जिंकल्यावर काकांनीं सोंगट्या एकेक पुसून डब्यांत भरल्या आणि डबा कपाटावर ठेविला. तो पुन्हां त्यांनीं काढला नाहीं, आणि ‘काढा’ असें आम्हींहि म्हटलें नाहीं. आज काका नाहींत, डबा आहे.

म्हणून वयाचा व पटाचा संबंध काय, या प्रश्नाचा विचार आम्हीं केवळ जिज्ञासेनें केलेला नाहीं. आमच्या वाचकांत मुलें आहेत, त्यांचे आईबाप आहेत, आणि पुष्कळ घरांत आजी-आजोबाहि हें वार्षिक वाचतात. त्या तिघांसहि आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे.

वय वाढलें कीं खेळणाऱ्याचें कांहींच जात नाहीं, असें म्हणणें गोड असलें तरी खरें नाहीं. गुणांकनाची हल्लींची पद्धति ज्यांच्या नांवानें ओळखली जाते, त्या अर्पाद एलो यांनीं १९६५ सालीं नामांकित खेळाडूंची कामगिरी त्यांच्या वयाशीं ताडून पाहिली. तेव्हां कामगिरीचें शिखर पस्तिशीच्या सुमारास येतें व पुढें हळूहळू उतार लागतो, असें त्यांस आढळलें. उतार लागतो तो प्रथम वेगास. एका चालीमागून दुसरी, तिच्यामागून तिसरी, अशा वाटा मनांत झपाट्यानें चालून पाहण्याची शक्ति कमी होते. नुकतीच पाहिलेली मांडणी डोळ्यांपुढून लवकर पुसली जाते. आणि चार-पांच तासांच्या डावाच्या अखेरीस शरीरच थकून बसतें. मोठ्या स्पर्धेंतील डाव म्हणजे बैठा व्यायामच आहे, हें ज्यानें तो खेळला असेल त्यास सांगावें लागत नाहीं.

परंतु जें जातें त्याच्या शेजारीं जें उरतें व वाढतें, तेंहि पाहिलें पाहिजे. आद्रियान द ग्रोट हे डच मानसशास्त्रज्ञ स्वतः चांगले बुद्धिबळपटु होते. उस्ताद मनुष्य विचार कसा करतो याचा त्यांनीं अभ्यास केला व तो १९४६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांस असें दिसलें कीं, उस्ताद हा सामान्य खेळाडूपेक्षां फार अधिक चाली मोजतो असें नाहीं. मोजण्याजोगी चाल कोणती हें त्यास आधींच दिसतें. पुढें १९७३ सालीं विल्यम चेस व हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनीं खेळाडूंस पट कांहीं सेकंद दाखवून झांकून ठेविला व मांडणी आठवून पुन्हां रचावयास सांगितली. पट खऱ्या डावांतील असला म्हणजे उस्ताद तो बहुतेक बरोबर रची. पण सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या असल्या म्हणजे त्याची स्मृति नवख्यापेक्षां फारशी सरस ठरत नसे. याचा अर्थ असा कीं, उस्तादाजवळ असामान्य स्मरणशक्ति असते हें खरें नव्हे. त्याच्याजवळ ओळखीच्या आकृतींचा सांठा असतो. आपण ‘कपिलधार’ हा शब्द पाहतांच वाचतों, एकेक अक्षर जुळवीत बसत नाहीं, तसेंच हें आहे.

हा सांठा वर्षांनीं भरतो. १९८१ सालीं नील चार्नेस या संशोधकानें सारख्याच बळाच्या तरुण व वयस्क खेळाडूंची तुलना केली. मांडणी आठवण्यांत वयस्क मागें पडले. परंतु चाल निवडण्यांत त्यांची निवड तरुणांच्या तोडीची होती, आणि तीसुद्धां कमी वाटा धुंडाळून केलेली. तरुणानें दहा दारें ठोठावून जें घर शोधलें, तें वृद्धानें दोन दारें ठोठावून शोधलें. वयानें पाय मंद केले, पण वाट शिकविली, असें यावरून म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं.

पटाचा इतिहासहि असाच दुहेरी आहे. १२ डिसेंबर २०२४ रोजीं सिंगापूर येथें चेन्नईचा दोम्मराजू गुकेश १८ व्या वर्षीं जगज्जेता झाला. हें ऐकून कोणाचेंहि मन उचंबळून येईल. आपल्या महाराष्ट्राकडे पाहिलें तर रोहिणी खाडिलकर यांनीं १९७६ सालीं, वयाच्या १३ व्या वर्षीं, राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळविलें. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हां त्या १९ वर्षांच्या होत्या. आणि अंतिम सामन्यांत त्यांच्यापुढें बसलेल्या कोनेरू हंपी ३८ वर्षांच्या, म्हणजे बरोबर दुप्पट वयाच्या होत्या. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरींत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत, वेळेच्या ओढाताणींत हंपींच्या हातून झालेल्या चुकीवर. ‘पाहा, वयानें दगा दिला’ असें म्हणण्याचा मोह येथें होतो. पण याच हंपींनीं अवघ्या सात महिन्यांपूर्वीं, डिसेंबर २०२४ मध्यें, न्यूयॉर्क येथें जलद बुद्धिबळाचें जागतिक अजिंक्यपद दुसऱ्यांदा मिळविलें होतें! तेव्हां एका डावावरून वयाचा निवाडा करणारानें जरा थांबावें, हेंच बरें.

विश्वनाथन् आनंद यांनीं २०१३ सालीं आपल्याच गांवीं, चेन्नईस, २२ वर्षांच्या मॅग्नस कार्लसनपुढें जगज्जेतेपद गमावलें. लोकांनीं त्यांस निवृत्तीचा सल्ला दिला. २०१७ सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, रियाध येथें ते जलद बुद्धिबळाचे जगज्जेते झाले, आणि त्या स्पर्धेंत त्यांनीं कार्लसन यांसहि हरविलें. इमान्युएल लास्कर हे २७ वर्षें जगज्जेतेपदावर होते. तें पद गेल्यावर चौदा वर्षांनीं, १९३५ सालीं मॉस्को येथें, ६६ वर्षांचे असतांना ते एकहि डाव न हरतां तिसरे आले, आणि ज्यांनीं त्यांचें पद घेतलें ते कापाब्लांका त्यांच्या मागें चौथे राहिले. वासिली स्मिस्लॉव्ह १९८४ सालीं ६३ व्या वर्षीं जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचले. तेथें ते हरले, पण हरले कोणापुढें? विशीतल्या गॅरी कास्पारॉव्हपुढें! आपल्या मुंबईचे प्रवीण ठिपसे यांस ग्रँडमास्टर ही पदवी मिळाली ती १९९७ सालीं, अडतिशीच्या सुमारास. आनंद व दिब्येंदु बारुआ यांच्यानंतर हा मान मिळविणारे ते तिसरे भारतीय होते. आज बारा-तेरा वर्षांचीं मुलें हीच पदवी मिळवितात. म्हणून ठिपशांची पदवी उणी ठरत नाहीं, उलट तिच्यामागें किती वर्षांची चिकाटी उभी आहे तें आपणांस दिसतें.

हीं सारीं असामान्य माणसांचीं उदाहरणें झालीं, सामान्यांनीं यांतून काय घ्यावें, असें कोणी विचारील. आणि तो प्रश्न रास्त आहे. सामान्यांचा प्रश्न खेळाच्या शिखराचा नसतो. तो शिकण्याचा असतो. चाळिशी उलटलेला बाप किंवा साठी उलटलेली आजी हा खेळ नव्यानें शिकूं शकेल काय?

आमचें उत्तर ‘होय’ असें आहे. पण मुलासारखी शिकणार नाहीं. मूल खेळून शिकतें. त्यास घोड्याची चाल सांगितली कीं तें ताबडतोब घोडा नाचवूं लागतें, दहा वेळां हरतें, आणि दहाव्या हरण्याचें दुःख अकराव्या डावाच्या मांडणींत विसरून जातें. प्रौढ मनुष्यास ‘असें कां?’ हें आधीं कळावें लागतें. त्यास कारण सांगितलें, नियमाचें मर्म दाखविलें, तर तें तो मुलाहून लवकर समजतो. पण बोटांत उतरावयास त्यास अधिक दिवस लागतात. एवढा फरक आहे, आणि तो पार करतां येण्याजोगा आहे. खरा अडथळा निराळाच आहे. प्रौढास हरण्याची लाज वाटते. घरांत ज्याचा शब्द चालतो, कचेरींत ज्यास लोक विचारून काम करतात, त्यास दहा वर्षांच्या मुलानें पांच मिनिटांत मात द्यावी हें सोसत नाहीं. ‘आतां आमचें वय झालें’ असें तो म्हणतो. त्याचा खरा अर्थ पुष्कळदां ‘आतां आम्हांस नवशिके म्हणवून घ्यावयाचें नाहीं’ एवढाच असतो.

आपल्या देशांत एका संबंध पिढीनें ही लाज गिळून दाखविली आहे, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें. जुन्या देशी पद्धतीच्या बुद्धिबळांत प्यादें आरंभीं एकच घर चाले; राजास किल्लेकोट नसे, त्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं एकदां घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. या पद्धतींत मुरलेल्या खेळाडूंस पुढें आंतरराष्ट्रीय नियम शिकावे लागले, म्हणजे आयुष्यभर जमविलेल्या आरंभाच्या चाली बहुतांशीं टाकून द्याव्या लागल्या. मीर सुलतान खान हे पंजाबांत देशी पद्धतींत वाढले. मोठेपणीं त्यांनीं विलायती पद्धति आत्मसात केली आणि १९२९, १९३२ व १९३३ अशीं तीन वर्षें ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलें. १९५५ सालीं पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व तींत आपले रामचंद्र सप्रे हे व्यंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. तोंवर देशी पद्धतीचे पट गांवोगांवीं जिवंतच होते. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर यांच्यासारख्यांनीं बुद्धिबळाचीं मंडळें चालविलीं, तेथें असे कित्येक जुने खेळाडु पोरांच्या शेजारीं बसून नवा खेळ शिकले असतील. त्यांचीं नांवें कोणत्याहि ग्रंथांत नाहींत, पण त्यांच्या शिष्यांच्या डावांत तीं असतीलच.

पटाबाहेरचें उदाहरण पाहिजे असेल तर पंडिता रमाबाईंचें घ्यावें. संस्कृतांत पारंगत असलेल्या या विदुषीनें चाळिशी उलटल्यावर मराठी बायबलाचें भाषांतर मुळावरून करावें म्हणून हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आणि १९२२ सालीं मृत्यु येईपर्यंत तें काम हातावेगळें केलें. ज्या स्त्रीपुढें कलकत्त्याच्या पंडितांनीं मान तुकविली, ती नव्या लिपींतलीं अक्षरें मुलासारखीं गिरवावयास बसली! रात्रीं येशूकडे आलेल्या निकदेमास प्रश्न पडला होता कीं म्हातारपणीं मनुष्यास पुन्हां जन्म कसा घेतां येईल. आमच्या अल्पमतीप्रमाणें त्या मोठ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक लहानसा कवडसा येथेंहि पडतो: ज्यास नवशिका होण्याची लाज वाटत नाहीं, त्याचा थोडासा नवा जन्म होतोच.

आतां आईबापांस दोन शब्द. हल्लीं पुष्कळ घरांत बुद्धिबळाविषयीं दोन चुका एकाच वेळीं होतांना आम्ही पाहतों. मुलाच्या बाबतींत घाई, आणि स्वतःच्या बाबतींत निराशा. गुकेश १८ व्या वर्षीं जगज्जेता झाला, म्हणून आपला नऊ वर्षांचा मुलगा मागें पडला असें समजून त्यास या वर्गांतून त्या वर्गांत व या स्पर्धेंतून त्या स्पर्धेंत पळवीत नेतात. हरून आला तर परतीच्या गाडींत त्याच्याशीं बोलत नाहींत. लवकर आरंभ करण्याचा लाभ आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या मुलास हरण्याचें भय बालपणींच बसलें, त्याजवळून मुलाचें एकमेव श्रेष्ठ हत्यार, म्हणजे हरण्याविषयींची बेफिकिरी, आपण काढून घेतलें. तें मूल नऊ वर्षांचें असूनहि पटावर म्हातारें झालें. आणि हेच आईबाप स्वतः शिकावयास बसा म्हटलें तर ‘आमचें डोकें आतां चालत नाहीं’ म्हणून उठून जातात! मुलानें शिकावें असें ज्यास खरोखर वाटतें, त्यानें मुलाकडून हरून दाखवावें. खरें हरून, आणि हंसत. त्याहून मोठा धडा कोणत्याहि वर्गांत मिळत नाहीं.

पटावर बसल्यानें म्हातारपणीं बुद्धि शाबूत राहते काय, असेंहि पुष्कळ लोक विचारतात. २००३ सालीं अमेरिकेंत पंचाहत्तरीपुढील वृद्धांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तींत वाचन, वाद्यवादन, नृत्य व पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांस स्मृतिभ्रंशाचा विकार कमी प्रमाणांत झाल्याचें आढळलें. यावरून खेळ हेंच त्याचें कारण असें सिद्ध होत नाहीं. ज्याची बुद्धि मुळांत धड आहे तोच खेळत राहतो, असेंहि असूं शकेल. म्हणून औषध म्हणून खेळा, असें आम्ही सांगणार नाहीं. खेळ हा खेळ म्हणूनच पुरेसा आहे.

शेवटीं मुलांनो, तुमच्याशीं बोलावयाचें आहे, आणि तें सर्वांत महत्त्वाचें आहे. तुम्ही एक दिवस तुमच्या आजोबांहून चांगले खेळूं लागाल. तो दिवस आनंदाचा आहे, आणि तुमच्याहून अधिक आनंद आजोबांस होईल. त्यानंतर आणखी एक दिवस येईल. आजोबांचा वजीर उघडा पडेल, आणि तुमच्या मनांत दया येईल. त्या वेळीं काय करावें?

मुद्दाम हरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. कोणी म्हणेल, यांत दुष्टपणा आहे. म्हाताऱ्या माणसास थोडें सुख दिलें तर काय बिघडलें? बिघडतें तें असें: पटावर बसलेले दोघेजण एकमेकांस एकच वचन देतात, कीं मी माझी सर्वांत चांगली चाल करीन. तें वचन गुपचूप मोडलें कीं समोरचा मनुष्य आतां आपल्या बरोबरीचा राहिला नाहीं, असें आपण न बोलतां सांगतों. ज्यानें तीस-चाळीस वर्षें पट वाचला आहे, त्यास हें न बोललेलें वाक्य सर्वांत आधीं ऐकूं जातें. हरल्यानें वृद्धाचा मान जात नाहीं. त्याला न सांगतां जिंकविल्यानें जातो.

मग दया दाखवूंच नये काय? अवश्य दाखवावी, पण उघडपणें दाखवावी. आमच्या काकांनीं आमच्यासाठीं आपला वजीर काढून ठेविला होता, तो आमच्या देखत. त्यांत आमचा अपमान झाला नाहीं, कारण त्यांत लपवाछपवी नव्हती. उरलेल्या सोंगट्यांनीं ते पुऱ्या बळानें खेळत. तीच रीत उलट्या बाजूनें कां चालूं नये? ‘आजोबा, आज मी एका हत्तीनें खेळतों,’ असें म्हणावें. ते मान्य करतील किंवा दटावतील, पण निवड त्यांची राहील. घड्याळ दूर ठेवावें. वय वेगास जितकें बाधतें तितकें समजुतीस बाधत नाहीं, हें आपण वर पाहिलेंच आहे. वजीर चुकून उघडा राहिला तर ‘पुन्हां एकदां पाहा’ असें सरळ म्हणावें. त्यांनींहि तुम्हांस तसें शंभर वेळां म्हटलें असेल. आणि डाव संपल्यावर उठून न जातां, ‘येथें तुम्हीं घोडा मागें कां घेतला?’ असें विचारावें. त्या एका प्रश्नाच्या उत्तरांत त्यांचीं चाळीस वर्षें असतात. स्मृति खरोखरच ढासळली असेल, डाव अर्ध्यावर विसरला जात असेल, तर बुद्धिबळें सोडून वाघबकरी मांडावी, वाघबकरी सोडून नवकंकरी मांडावी. पण जो खेळ मांडाल तो खरा खेळा.

आमच्या शाळेपुढें आम्ही एक लहानशी सूचना ठेवितों. महिन्यांतून एका शनिवारीं दुपारीं वाचनालयांत पांच-सहा पट मांडावे, आणि प्रत्येक विद्यार्थ्यानें घरांतील एका वडीलधाऱ्या माणसास बरोबर आणावें. बक्षीस नको, गुणांकन नको, घड्याळ नको. ज्यांस येत नाहीं त्यांस मुलांनीं शिकवावें. ज्यांस येतें त्यांनीं मुलांस हरवावें किंवा मुलांकडून हरावें. खर्च पांच-सहा पटांचा. लाभ किती होईल तो आम्ही आंकड्यांत सांगूं शकत नाहीं, परंतु आमच्या घरीं कपाटावर एक डबा आहे, तो त्या दिवशीं आम्ही खालीं काढून आणूं, हें वचन देतों.

कपिलधारेच्या त्या नातवाचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. आजोबांचें बोलणें ऐकून तो थोडा वेळ खालीं मान घालून बसला. मग त्यानें चिंचोके पुन्हां मांडले आणि दुसरा डाव सुरू झाला. या वेळीं त्यानें हात आंखडता घेतला नाहीं. वाघ एकेक करून कोंडले गेले. शेवटचा वाघ अडकला तेव्हां आजोबा बराच वेळ पटाकडे पाहत राहिले, कोठें एखादी फट राहिली आहे काय हें त्यांनीं बोटानें चांचपून पाहिलें, आणि ती नाहीं अशी खात्री पटल्यावर मोठ्यानें हंसले. “कोंडलंस गड्या!” असें म्हणून त्यांनीं नातवाच्या पाठींत एक धपाटा घातला, आणि बाजूस जेवणाची पंगत उठत होती तरी तिकडे न बघतां तिसऱ्या डावाचे खडे ते स्वतः मांडूं लागले.